थोरलीचं माप

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात दोघीच अशा होत्या, की ज्यांना सुई-दोरा हातात न धरता खपून जायचं. पहिली थोरली. तिला डोकं नव्हतं, हात नव्हते, पाय एकच आणि तोही लाकडाचा. मानेच्या जागी पितळेचं झाकण, अंगावर ताणून शिवलेलं मांजरपाट, आत गच्च भरलेला भुसा. मास्तरांच्या टेबलाशेजारी ती बारा महिने तेरा काळ उभी असे. दुसरी धाकटी. तिला डोकं होतं, हात होते, ट्रक चालवणारा नवरा होता, सासू होती, तीन वर्षांची पोर होती. बाकी गळ्यापासून मांडीपर्यंत दोघी एकच.

नावं कारखान्यातल्या बायकांनी पाडलेली. "कधी दमायचं नाही, रजा मागायची नाही, उलट बोलायचं नाही. थोरल्या सुनेचेच गुण की हे," असं कुणीतरी त्या पुतळ्याला म्हणालं आणि तो थोरली झाला. मग त्याच्या मापाची जिवंत बाई आपोआप धाकटी झाली. वास्तविक धाकटीच आधीची. थोरली तिच्यापासून जन्मली.

ते असं झालं. लग्न होऊन आल्यावर धाकटी कारखान्यात बटणं लावायला लागली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं गंमत म्हणून परत आलेला एक कोट अंगात घातला आणि मालकिणीसारखी मान वाकडी करून दोन रांगांमधून चालून दाखवलं. बायका हसून हसून लोळायच्या बेतात होत्या, तेवढ्यात दारात मास्तर दिसले. कोट बेतणारे, खडूनं रेषा मारणारे, सगळा कारखाना ज्यांच्या रेषेवर चालायचा ते मास्तर. हसू जागच्या जागी वाळलं. धाकटी घाईघाईनं बटणं सोडायला लागली.

"सोडू नकोस," मास्तर म्हणाले.

बाजारात बैल पारखावा तसा त्यांनी तिच्याभोवती एक फेरा घातला. बोटही लावलं नाही. मग चष्मा काढून पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माझं आयुष्य गेलं हे अंग हुडकण्यात. ना इकडं जास्त, ना तिकडं. तुला देवानं टेप लावून घडवलीय, पोरी."

असं कौतुक तिच्या वाट्याला याआधी कधी आलं नव्हतं, पुढेही आलं नाही. त्याच आठवड्यात तिला उभं करून ओल्या कागदाच्या पट्ट्या गळ्यापासून मांडीपर्यंत गुंडाळल्या. वाळेपर्यंत श्वास लहान घ्यायचा, हलायचं नाही. कागद कडक झाल्यावर कातरमावशीनं पाठीवरून चीर देऊन ते कवच सोलून काढलं. कातरमावशी म्हणजे तिथली कापड कापणारी. जीभ आणि कात्री, दोन्ही एकाच दगडावर लावलेल्या. "घे गं बाई, सुटलीस," ती म्हणाली. धाकटी मोकळी झाली, खांदे झाडून हसली. त्या कवचात भुसा भरून थोरली उभी राहिली.

पण थोरलीला उभंच राहता यायचं. बसल्यावर कोट कुठं चुणतो, वाकल्यावर पाठीत किती ओढतो, हात वर केल्यावर बाही काय म्हणते, हे सांगायला जिवंत अंगच लागतं. म्हणून प्रत्येक नवा नमुना आधी थोरलीवर चढायचा, मग धाकटीवर. मास्तर म्हणत, "टेप ताणते, खडू झिजतो. अंग खोटं बोलत नाही." धाकटीवर कोट बसला, की त्याच मापानं सगळा गठ्ठा कापला जायचा.

कारखान्याच्या एका अंगाला वरची आळी, दुसऱ्या अंगाला खालची. वरच्या आळीत डोंगराकडून उतरून आलेले लोक, खालच्या आळीत मूळचे नदीकाठचे. बोली वेगळी, तोंडवळा वेगळा, अंगाची ठेवण वेगळी, आणि आरसेही वेगळे. वरच्या आळीत बाईचं मनगट दुसऱ्याच्या चिमटीत मावलं, की घराचं नाक कापलं. तिथं भरलेली बाई म्हणजे भरलेलं घर. खालच्या आळीत पोरगी उभी राहिली तर सावलीसुद्धा बारीक पडायला हवी. एका आळीत ज्याला तेज म्हणत, त्याला दुसरीत चरबी म्हणत. धाकटी वरच्या आळीतली. सकाळ-संध्याकाळ एका आरशात, दिवसभर कारखान्यात दुसऱ्यात.

तोवर दोन्ही आरशांत तिचं बरं चाललं होतं. मग पोर झाली, चिमणी, आणि धाकटी भरली. आळीतल्या बायका तिच्या गालांना हात लावून बोटं मोडत. सासू, जिला ती आत्याबाई म्हणे, दारात खुर्ची टाकून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला सून दिसावी म्हणून. धाकटी पुन्हा कामावर गेली, पडद्याआड कोट घातला, आणि मधलं बटण काजापर्यंत पोचेना.

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "असू दे. बाळंतीण आहेस. ये हळूहळू थोरलीवर."

ये हळूहळू थोरलीवर. या शब्दांत कुणाला विष सापडायचं नाही. पण धाकटीच्या मनात ते रुतले. ती आली. जेवण आटवत आटवत आली. ज्या दिवशी बटण सहज लागलं, त्या दिवशी बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिथं थांबायला हवं होतं. पण उताराला लागलेल्या गाडीला मुक्काम कुठला?

भूक नव्हती असं नाही. कोंडलेल्या मांजरीसारखी ती आत नखं मारायची. पण घास हातात घेतला, की आतून एक आवाज यायचा: हा घास तुला थोरलीपासून लांब नेईल. आणि घशाला दार लागायचं. थोरलीचं माप मागं पडलं, कोट अंगावर हलायला लागला, तरी आवाज गप्प बसेना. त्याला आता थोरलीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. भाडेकरू म्हणून आला आणि घरमालक होऊन बसला, त्यातली गत.

आता तिला दोन भीती. खाल्लं तर फुगेन, ही एक. वाळलेली दिसले तर काम जाईल, ही दुसरी. आणि घरी आत्याबाई होत्याच.

"अगं, दोन घास जास्त खा. उद्या आळी म्हणेल, सासू हिला उपाशी दाराला बांधून ठेवते."

"खाल्लं की, आत्याबाई."

"कधी? मी तर पाहिलं नाही."

"तुम्ही चिमणीला झोपवत होता तेव्हा."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. धाकटीनं दोन्हींच्या मधे उभं राहायला एक फळी शोधली. कोटाच्या खांद्यात घालतात त्या कापसाचे तुकडे कारखान्यात पायदळी पडलेले असत. ते गोळा करून तिनं एक आतली चोळी शिवली. छातीला, पाठीला, कमरेला, दंडाला थर. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या अंगणात गेल्या, की ती थोरलीला मिठी मारून उभी राहायची, कुठं किती कापूस कमी पडतो ते हातांनी अजमावायची आणि तेवढा भरायची. स्वतःच्या जुन्या अंगावरून नवं अंग शिवत होती. परक्या बाईला हात लागू नये म्हणून मास्तर चिमटीत फक्त कापड धरत. त्यांच्या त्या सभ्यपणामुळं चोळी कधी सापडली नाही.

आणि नवल असं, की चोळी घरीही चालली. आळीतल्या बायका म्हणाल्या, "हां, आता कशी भरलीस!" आत्याबाई फुशारल्या, "माझ्या हातच्या जेवणाचा गुण."

झालं. आता ती काढायची कधी? कारखान्यात काढता येईना, घरी काढता येईना. नवरा महिन्यातून दोनदा यायचा, थकून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तेव्हाही ती अंगावरच. ऐन उन्हाळ्यात बाकीच्या बायका पदरानं वारा घेत आणि धाकटी कापसात शिजायची. तरी हातपाय मात्र थंडगार. कागदाचं कवच अर्ध्या दिवसात निघालं होतं. हे निघेना.

एकदा चिमणी तिच्या छातीवर डोकं ठेवून पडली होती. थोड्या वेळानं डोकं उचलून म्हणाली, "आई, तुझ्यात आवाज नाही."

"कसला आवाज?"

"आजीत वाजतं. ठक ठक. तुझ्यात नाही वाजत."

धाकटीनं पोरीला दुसऱ्या कुशीला घेतलं आणि लेकराला भलतंच काहीतरी सुचतं म्हणून हसली.

त्याच वर्षी कातरमावशीची मुलगी आजारी पडली. खालच्या आळीतली, वयात आलेली, हुशार पोर. वाळत वाळत पानाच्या शिरेइतकी उरली. कारखान्याजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला पाहताक्षणी ओळखलं. म्हणाले, हे लाड नव्हेत, हट्ट नव्हे, हा खाण्याचा आजार आहे. मनात मूळ धरतो आणि अंगाला खातो. मोठ्या इस्पितळात पाठवलं, मनातलं बोलतं करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. पोर काही महिन्यांनी परतली. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात आईशेजारी बसून डबा खायची. घास तोंडात घोळवायची, पण गिळायची.

वरच्या आळीच्या बायकांना चघळायला विषय मिळाला.

"आमच्यात नसतं बाई हे असलं."

"पोट भरलेल्यांची थेरं! आमच्या पोरी ताटाला पाठ दाखवतील तर आया पाठीत घालतील."

"खालच्यांचं सगळंच नाजूक. भूकसुद्धा."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं धाकटी हसली. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक विचार येऊन बसला. त्या पोरीला नाव मिळालं. आजाराला नाव मिळालं, की माणसं वाट सोडून बाजूला होतात, हात धरतात, डॉक्टर सापडतो. आपल्याला काय झालंय?

काही दिवसांनी ती कारखान्याच्या जिन्यात घेरी येऊन पडली. आत्याबाई तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बाकावर बसल्या बसल्या धाकटीनं मनाशी ठरवलं: यांनी विचारलं, तर हो म्हणायचं. नुसतं विचारू देत, "तुम्ही जेवता का? जेवायची भीती वाटते का?" आपण हो म्हणायचं आणि सुटायचं.

डॉक्टर दमलेले होते, पण माणूस वाईट नव्हता. डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, नाडी धरली. "कुठल्या आळीतल्या?"

"वरच्या."

"मग काळजी नको. तुमच्याकडच्या बायका खाऊनपिऊन खणखणीत. रक्त जरा कमी दिसतंय. धावपळ फार होत असेल."

"खाते हो, डॉक्टर, चांगली खाते," आत्याबाई पुढं सरसावल्या. "बघा की, अंग कसं धरलंय."

डॉक्टरांनी कापसानं भरलेल्या दंडांकडं एक नजर टाकली आणि मान हलवली. त्यांनी ती चोळी पाहिली नाही. तिनंही दाखवली नाही. विचारलं असतं तर ती बोलली असती. आपणहून बोलायला तोंडच उघडेना. तांबड्या औषधाची बाटली घेऊन दोघी घरी आल्या. बाटलीवर चिठ्ठी होती: जेवणानंतर घेणे.

पावसाळा सरता सरता एक मोठं काम आलं. बसमधल्या कंडक्टर बायकांचे कोट. मास्तरांनी नमुना बेतला, थोरलीवर चढवला, मग धाकटीवर. "हात वर कर, वरचा दांडा धरल्यासारखा." तिनं केला. मास्तर पाठीशी उभे राहून बघत राहिले. "पाठीत कापड जास्त झालंय. उगाच झोळ पडतोय." चिमटीत धरून त्यांनी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आत घेतलं, खडूची खूण केली. त्याच खुणेनं गठ्ठा कापला, शिवला, गेला.

आणि परत आला. गाठोडी अंगणात पडली, तेव्हा बायका भोवती जमल्या. कोटामागून कोट, पाठीत उसवलेला. कंडक्टर बायकांनी दांडा धरायला हात वर केला, की टर्र. एकीनं तर कोटाच्या खिशात चिठ्ठी घालून पाठवली होती: "हा कोट बसून राहणाऱ्या बाईला द्या."

एरवी बायका हसल्या असत्या. मास्तरांचं तोंड पाहून कुणी हसलं नाही. मालकाकडून ते शेकून आले होते आणि आता तो शेक उतरवायला त्यांना जागा हवी होती.

"कात्री वाकडी चाललीय," ते कातरमावशीला म्हणाले. "वय झालं तुझं. डोळे गेले."

"माझी कात्री तुमच्या रेषेवर चालते, मास्तर. रेषा तुमची."

"माझी रेषा अंगावरून निघते! थांब, दाखवतो." त्यांनी हाक मारली. "धाकटे, घाल हा कोट."

धाकटी पडद्याआड गेली, न उसवलेला एक कोट घालून बाहेर आली. मास्तर म्हणाले, "हात वर." तिनं दोन्ही हात वर केले. कोट हूं की चूं न करता बसला. एक टाका हलला नाही.

"बघा!" मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माप बरोबर, नमुना बरोबर. तुझ्याच हातनं गठ्ठा आखडता कापला गेलाय. शनिवारनंतर टेबलाला हात लावायचा नाही."

हात वर करून धाकटी तशीच उभी होती. कुणाला कळलं नव्हतं ते तिला त्या क्षणी कळलं. हात वर केला, की माणसाची पाठ पसरते. मांस पसरतं, कापूस पसरत नाही. तिच्या पाठीत पसरायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांनी जो झोळ आत घेतला, तो कंडक्टर बायकांच्या श्वासाचा होता. अंग खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांसमोर तिचं अंग हात वर करून खोटी साक्ष देत होतं.

ती पडद्याआड पळाली. मागोमाग कातरमावशी आली, कोट परत घ्यायला. धाकटीनं कोट देण्यासाठी हात पुढं केला. बाही वर सरकली होती. कातरमावशीनं कोटाऐवजी तिचं मनगट धरलं. चिमटीत धरलं. मावलं.

"थंड लागतेस," ती म्हणाली. मग उजेडाकडे हात वळवून पाहिला. "माझ्या पोरीच्या हातावर अशीच लव उगवली होती. नुकत्या निघालेल्या पिल्लासारखी."

"मला काही झालं नाही, मावशी."

"तीही हेच म्हणायची." कातरमावशीनं मनगट सोडलं. मग स्वतःशीच मान हलवली. "पण तू तर वरच्या आळीची. तुमच्यात नसतं ना हे?"

आणखी एक दार. तेही बाहेरून कुणीतरी हलकेच लोटून घेतलं. धाकटीनं नुसतं "नसतं" म्हटलं असतं तरी भागत होतं. तिनं ते म्हटलं नाही, आणि "असतं" असंही म्हणता आलं नाही. कातरमावशी कोट घेऊन निघाली. पडद्याशी थांबून म्हणाली, "माझी कात्री मला ठाऊक आहे. तुला काही ठाऊक असेल तर बघ. नसेल तर राहू दे. तुझ्यावर माझा राग नाही."

तो राग असता तर धाकटी कदाचित गप्प राहिली असती.

शुक्रवारी सकाळी, मशिनं सुरू झाल्यावर, ती मास्तरांपुढं जाऊन उभी राहिली. "तो कोट पुन्हा घालून दाखवायचाय."

"कशाला आता?"

"बघा तरी."

पडद्याआड तिनं चोळीचे बंद सोडले. इतक्या दिवसांत ती अंगाला अशी चिकटली होती, की सोलून काढावी लागली. कोट घालून ती बाहेर आली. म्हणजे कोट बाहेर आला आणि त्याच्या आत कुठंतरी ती होती. खांदे दंडावर उतरलेले, पाठीत घडीवर घडी. जवळची मशिनं थांबली, मग लांबची.

"हा कुठला कोट?" मास्तर म्हणाले. "मोठा आणलास का?"

"कोट तोच आहे, मास्तर. अंग ते नाही." तिनं चोळी टेबलावर ठेवली. "तुम्ही माप घेतलं ते या कापसाचं. मावशीची कात्री बरोबर होती."

मास्तरांनी चोळी बोटानं दाबून पाहिली. थोरलीकडं पाहिलं. धाकटीकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते बघणाऱ्यांना नीट सांगता येणार नाही. मग त्यांचा हात, आयुष्यभराच्या सवयीनं, गळ्यातल्या टेपेकडं गेला. डोळे बारीक झाले.

"नव्या गिऱ्हाइकाला असंच बारीक माप हवंय," ते पुटपुटले. "मी बाई हुडकतच होतो. तू... हे असंच धरून ठेवता येईल का तुला?"

आणि सगळ्यांत भयंकर गोष्ट ही, की धाकटीला आत कुठंतरी आनंद झाला. तो आतला घरमालक टाळ्या पिटायला लागला. सगळं उघडं करून टाकायला ती आली होती. आणि उघडं केलेलं तेच आता माप होऊ बघत होतं. पुन्हा ओल्या पट्ट्या, पुन्हा श्वास लहान. या वेळी जी थोरली उभी राहील तिच्यावर यायला काय काय सोडावं लागेल?

"मास्तर!" कातरमावशीनं त्यांच्या हातातली टेप ओढून घेतली आणि स्वतःच्या खिशात कोंबली. "बाई तुमच्या डोळ्यांदेखत विझतेय आणि तुम्ही वात मोजताय?"

मास्तर खाली बसले. उशिरानं त्यांना आपलं बोलणं ऐकू आलं असावं. "कात्री बरोबर होती तुझी," ते कातरमावशीकडे न बघता म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दगडाला पाझर. मग धाकटीला म्हणाले, "घरी जा, पोरी. बरी होऊन ये."

"बरी होऊन कुठल्या मापावर यायचं, मास्तर?"

त्यांनी खडू उचलला आणि परत ठेवला.

ती वरच्या आळीतून घरी निघाली, ती चोळीशिवाय. वारा कपड्यांतून आरपार जात होता. दारातल्या बायकांची बोलणी मधेच तुटत होती. एक म्हणाली, "कोण गं ही?" दुसरी म्हणाली, "अगं बाई!" आत्याबाई ओट्यावर धान्य निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सूप हातातून सुटलं.

"कुणी केलं हे तुझं?" हा पहिला प्रश्न. दुसरा लगेच: "आळी काय म्हणेल? मी तुला उपाशी मारलं म्हणेल!"

"तुम्ही नाही, आत्याबाई. मीच. मला खाता येत नाही. मावशीच्या पोरीला झालं होतं ते मला झालंय."

"वेड लागलंय. ते आपल्यात नसतं."

धाकटीला बोलायचं ते अंगावर उघडं होतं. आत्याबाईंनी तिला आत घेतलं, पलंगावर बसवलं, अंगावर शाल टाकली. शाल टाकताना त्यांचा हात तिच्या पाठीवरून खाली गेला, मणक्यावरून मणक्यावर, आणि मधेच थांबला. तो हात ओळखीचं काहीतरी चाचपत होता.

"माझी पाठची बहीण," त्या अचानक म्हणाल्या.

धाकटीनं मान वळवली. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, या बहिणीचं नाव घरात कधी निघालं नव्हतं.

"आम्ही तिला काडी म्हणायचो. आधी नव्हती काडी, चांगली गुटगुटीत होती. लग्न ठरलं आणि कुणीतरी हसण्यावारी म्हणालं, नवरा बारीक आणि नवरी ढोल. एवढंच. त्यानंतर तिनं ताटाशी बोलणं सोडलं. आई म्हणाली, नजर लागली. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. नाना उपाय झाले. जेव म्हणून मारलंसुद्धा. मीही मारलं. शेवटी पाठुंगळी घेऊन न्यायची मी तिला, तर पाण्याची कळशी जड वाटायची तिच्यापुढं." आत्याबाईंचा हात अजून पाठीवरच होता. "तिच्या पाठीचं हाड असंच लागायचं. ती गेल्यावर सगळे म्हणायला लागले, आपल्यात असलं काही नसतं. मीही म्हणायला लागले. बरं वाटायचं म्हणायला."

चिमणी कुठूनशी खेळून आली आणि शालीत शिरली. आईच्या छातीवर डोकं ठेवलं, लगेच उचललं. "टोचतंय," ती कुरकुरली. डोकं इकडं ठेवून पाहिलं, तिकडं ठेवून पाहिलं. शेवटी बरगडीखाली एक जागा सापडली तिथं कान लावून गप्प पडून राहिली.

आत्याबाईंनी भाताची वाटी आणली. ताट नव्हे, वाटी. पलंगाच्या कडेला ठेवली आणि नेहमीसारखं "खा" म्हणायला तोंड उघडून मिटलं. वाफ हळूहळू कमी होत गेली. धाकटी वाटीकडं बघत होती. आत तो आवाज होताच, जराही खाली आला नव्हता.

"भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटू दे. मी बसलेय." आत्याबाईंनी भिंतीला पाठ टेकली. बाहेर आळीतल्या बायका अजून कुजबुजत होत्या, ते आत ऐकू येत होतं. आत्याबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं, पण दार लावलं नाही. "सकाळी त्या डॉक्टरकडं जाऊ. तू बोलू नकोस. मी सांगते त्याला, आमच्यातही असतं म्हणून. माझ्या बहिणीला होतं, म्हणून सांगते."

धाकटीनं वाटी हातात घेतली. कोमट होती. खाल्लं नाही, खालीही ठेवली नाही. मांडीवर धरून बसली, आणि तिच्या बरगडीला कान लावून पोर झोपी गेली.